चार लाल गिटारी

मास्तर, तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, गेलेल्या माणसाशी आता काय भांडायचं, असं आई असती तर म्हणाली असती. पण तुम्ही होतात तोवर भांडणाचं कारणच मला ठाऊक नव्हतं, त्याला मी काय करू? तुम्ही सगळं नीट झाकून ठेवलंत आणि वेळेवर निघून गेलात. हे तुमचं नेहमीचंच. प्रोग्राम रंगात आला की तुम्ही स्टेजच्या मागच्या बाजूने उतरून चहाला जायचात, आणि गाणाऱ्याने पट्टी सोडली की पुढे आम्ही निस्तरत बसायचो.

सध्या मी लातूरला असते. ज्या गल्लीत राहते तिथे डावीकडे फिजिक्सचा क्लास, उजवीकडे बायोलॉजीचा, खाली मेस, वर अभ्यासिका आणि मधल्या मजल्यावर माझी एक खोली. डॉक्टर व्हायला गावोगावहून आलेली पोरं-पोरी संध्याकाळी माझ्याकडे गिटार शिकायला येतात. त्यांच्या आईबापांना वाटतं की याने डोकं शांत होतं आणि मार्क वाढतात. मीही त्यांचा तो समज मोडत नाही. खोलीच्या भिंतीवर चार इलेक्ट्रिक गिटारी टांगलेल्या आहेत. चारही कलकत्त्याहून यायच्या त्याच, एकाच मॉडेलच्या, लाल अंग, पांढरी प्लेट, वर दोन छोटी शिंगं. येणारा प्रत्येक जण आधी भिंतीकडे बघतो आणि मग माझ्याकडे. परवा निलंग्याहून आलेली एक आई म्हणाली, "मॅडम, सगळ्या एकसारख्याच कशाला वो? एखादी निळी, एखादी काळी घ्यायची की. एकाच रंगाच्या चार साड्या घेतंय का कुणी?" मी म्हटलं, ऑफरमध्ये मिळाल्या. आता तिला काय सांगू, की ह्यातली एक तुम्ही मला दिलीत, आणि उरलेल्या तीन तुम्ही मला फसवलंत त्याच्या आहेत?

नांदेडच्या तुमच्या घरात रियाजाची वेगळी खोली नव्हती. स्वयंपाकघर हीच आपली शाळा. काकू चुलीपुढे भाकरी थापायच्या आणि त्या थापेवर तुम्ही मला ठेका धरायला लावायचात. काकू मुद्दाम मधेच थांबायच्या, माझी बोटं पुढे निघून जायची, आणि तुम्ही दोघं हसायचात. एवढ्या मोठ्या गायन पार्टीत मी एकटी मुलगी. बाकीची पोरं ढोलक, बेंजो, कीबोर्ड. मी तुमच्याच मागे लागले होते की गिटार शिकवा. बारावी होऊन वर्ष झालं असेल, एका दुपारी तुम्ही पिठाच्या डब्यावरच्या खिळ्याला लटकलेली ती लाल गिटार काढली, खांद्यावरच्या दस्तीने पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "ही माझी हाय. पहिल्या प्रोग्रामापासून माझ्या गळ्यात हाय. आजवर कुणाला हात लावू दिला न्हाई. आता तुझी." मग दाराकडे बघून हळूच म्हणालात, "पण कुणाला सांगू नकोस बरं. बाकीची पोरं रुसून बसतील."

आणि मग तुम्ही मला तो डाग दाखवलात. आपल्या पार्टीचा रिवाज होता, पहिलं गाणं वंदनेचं, आणि ते सुरू करताना गिटार वाजवणाऱ्याने पेटती उदबत्ती गिटारीच्या वरच्या टोकाला, खुंट्यांपाशी तारेत खोचायची. वंदना संपली की काढून घ्यायची. तुमच्या पहिल्या प्रोग्रामाला लोकांनी वन्समोअर दिला, तुम्हाला उदबत्ती काढायचं भान राहिलं नाही आणि ती जळत जळत लाकडाला लागली. तुरीच्या डाळीएवढा काळा डाग. "ह्या डागात माझी सगळी कमाई हाय," असं म्हणाला होतात तुम्ही. मी त्या डागावर किती वेळा अंगठा फिरवला असेल, मास्तर. स्टेजवर जायच्या आधी दर वेळी फिरवायचे. देवाला लोक हात लावतात ना, तसा.

त्याच महिन्यात माझा नर्सिंगला नंबर लागला होता. आई किती खूश होती. मी जाणार नाही म्हटल्यावर ती चुलीपुढून उठलीच नाही. "आगं, सरकारी नोकरी लागंल, चार माणसांत उठबस होईल. त्या मास्तरच्या पार्टीत तुला काय मिळायलंय?" मला काय मिळालंय ते मला तिला सांगायचं होतं. अख्ख्या जिल्ह्यात मास्तरांनी स्वतःची गिटार फक्त मला दिली आहे, हे एक वाक्य बोलले असते तर तिला निदान कारण तरी कळलं असतं. पण तुम्ही कुणाला सांगू नको म्हणाला होतात. मी तोंड शिवून बसले. आई दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं की पोरगी नुसत्या हट्टापायी वाया गेली.

लोह्याचा तो प्रोग्राम आठवतो? जयंतीचा सीझन, समोर माणूस मावत नव्हतं, निळे झेंडे, पताका, आणि मला चेव चढला. आपल्या पार्टीचे शाहीर अंतरा म्हणत होते आणि मी त्यांच्या ओळीवरच एक लांबलचक तुकडा वाजवला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. खाली उतरल्यावर सगळ्या पार्टीसमोर तुम्ही मला झापलंत. "गाणाऱ्याच्या तोंडावर वाजवायलीस का? लोक त्याचं गाणं ऐकायला आलेत, तुझी बोटं बघायला न्हाई." मी जीपमध्ये मागे तोंड फिरवून रडत बसले. नांदेड जवळ आलं तेव्हा तुम्ही पुढच्या सीटवरून मागे वळलात आणि एवढंच म्हणालात, "ती गिटार कुणाची हाय ते ध्यानात ठेव." झालं. माझं रडू पळालं. असली झाप फक्त वारसदाराला मिळते, असं मला वाटलं. त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. तुमच्या मागे पार्टी फुटली, शाहीर गेले, डीजे आले, लोकांनी आम्हाला बोलावणं कमी केलं. बरोबरच्या पोरांनी एकेक करून नोकऱ्या धरल्या. मी मात्र वाजवत राहिले. ती गिटार कुणाची आहे ते माझ्या ध्यानात होतं.

मग इथेच, लातूरला, दोनेक वर्षांपूर्वी एका हॉलमध्ये प्रोग्राम झाला. मी गिटार पुसत होते, तेवढ्यात एक गृहस्थ जवळ आले. पांढरे केस, सफारी, वीज खात्यातून रिटायर झालेले. म्हणाले, मीही मास्तरांच्या पार्टीत होतो, तुमच्या आधी. मला फार आनंद झाला. तुमच्याबद्दल बोलायला कुणी भेटत नाही हो आता. ते गिटारीवर वाकले, बघत राहिले आणि हसले. "ताई, हौस म्हणून डागसुद्धा पाडून घेतला का?"

"कसला डाग?"

"उदबत्तीचा. मास्तरच्या गिटारीवर होता तसला. ती माझ्याकडं हाय की."

मी म्हटलं, तुमची काहीतरी गफलत होतेय. ते म्हणाले, घरी या, दाखवतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. त्यांनी माळ्यावरून पोत्यात गुंडाळलेली गिटार काढली आणि माझ्या गिटारीशेजारी दिवाणावर ठेवली. तोच लाल रंग, तीच शिंगं, आणि वर खुंट्यांपाशी, त्याच जागी, तुरीच्या डाळीएवढा काळा डाग. मी त्यावर अंगठा फिरवला. माझ्या अंगठ्याला काडीचाही फरक कळला नाही. मी त्यांना विचारलं, "तुम्हालापण म्हणाले होते का, कुणाला सांगू नको?" ते मांडीवर थाप मारून असे हसले, असे हसले की त्यांची बायको आतून पाहायला आली. "लई बेरकी माणूस हो! लई बेरकी! तुमच्या हातात बघून आम्हाला वाटायचं, पोरीनं मास्तरची बघून तसलीच घेतली." त्यांना मजा वाटली. त्यांचं बरोबर होतं, त्यांनी दोन सीझन वाजवून खात्यात नोकरी धरली, घर बांधलं, पोरं शिकवली. त्यांची एक गंमत झाली होती. माझं आयुष्य गेलं होतं. मी निघाले तेव्हा त्यांनी ती गिटार मला देऊन टाकली. खाली ठेवली की नातू तिने क्रिकेट खेळतो म्हणाले.

त्यांच्याकडूनच बाकीच्यांचा पत्ता लागला. लोह्याला एक जण किराणा दुकान चालवतो, त्याची गिटार पोत्यांच्या मागे होती. देवणीला एकाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत, कडब्यामागे. दोघांकडेही तोच डाग, तीच गोष्ट, तेच 'कुणाला सांगू नको'. दोघांनीही खुशीने दिल्या. मास्तरांची आठवण म्हणून जमवतेय, असं मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी मला भला माणूस समजून जेवू घातलं. आठवण कसली आलीय! एकेका घरातून ती उचलून आणली की, तुमची गिटार असलेला माझ्याशिवायचा एक माणूस कमी व्हायचा. ते मी जमवत होते. तुम्ही मला सांगितलेलं खोटं मी पदरचे पैसे आणि एसटीचे हेलपाटे घालून खरं करायला निघाले होते. हसा. तुम्ही असतात तर नक्की हसला असतात.

शेवटी नांदेडला जाऊन काकूंना गाठलं. त्या आता लेकीकडे असतात. शेंगा निवडत बसल्या होत्या. मी विचारल्यावर लाजल्याही नाहीत. "आगं, अंगणात बसून स्वतः डागायचे की. दोन उदबत्त्या लागायच्या. एक विझली की दुसरी. मी म्हणायची, नव्या कोऱ्या लाकडाला कशाला भाजायलाव? तर म्हणायचे, नवी वस्तू दिली की पोरगं चार दिवस वाजवतंय अन् ठिवून देतंय. आपली दिली म्हणलं की टिकतंय." मग माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाल्या, "अन् तू टिकलीस की!"

म्हणजे हे असं होतं. तुम्ही सगळ्यांपुढे तोच गळ टाकलात. बाकीचे अंग झटकून निघून गेले, अडकले मी एकटी. आणि काकू त्याला टिकणं म्हणतात. मास्तर, मला सांगा, मी टिकले नसते का हो? मला खरं सांगून बघितलं असतंत. 'पोरी, ही दुकानातून आणली आहे, नवी आहे, तुला देतो, वाजव,' एवढंच म्हणाला असतात तर मी वाजवलं नसतं का? ज्या पोरीने तुमच्या चुलीचा धूर खात ठेका शिकला, तिच्यावर तुमचा तेवढाही विश्वास नव्हता? मला खोटं बोललात याचा राग नंतर येतो. मला त्या बाकीच्यांच्या रांगेत उभं करून एकाच मापाने मोजलंत, त्याचा आधी येतो.

मी काकूंना विचारलं, मग त्यांची स्वतःची गिटार कुठे आहे? खरा डाग जिला होता ती? काकू म्हणाल्या, "ती तर पहिल्यालाच दिली. बिलोलीच्या पोराला. ती दिल्यावर त्या पोराचा हुरूप बघून तर ही अक्कल सुचली त्यांला."

बिलोलीला गेले. न जाऊन कशी राहणार? तो पोरगा आता माझ्याहून म्हातारा आहे, झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेला गुरुजी. त्याने मला आदराने खुर्ची दिली, सुनेला चहा टाकायला सांगितला. गिटार समोरच्या भिंतीवर, काचेच्या पेटीत, बुद्धाच्या तसबिरीखाली. त्याने पेटी उघडून दाखवली. डाग डाळीएवढा नव्हता. ओबडधोबड, लांबट, लाकडात खोल गेलेला आणि एका खुंटीचं बूडही काळवंडलेलं. खरं जळलेलं कसं दिसतं ते मला तेव्हा कळलं. मी विचारलं, वाजवता का? तो ओशाळून हसला. "न्हाई ताई. बोटंच वळली न्हाईत माझी. एका सीझनात सोडून दिलं. पण मास्तरनं ही मला एकट्यालाच दिली, म्हणून जपून ठिवलीय." मग त्याने विचारलं, "तुमच्याकडं हाय का मास्तरची काही आठवण?"

मी पिशवीत फोटो घेऊन गेले होते, चारही गिटारींचा. त्याच्यापुढे टाकणार होते. पण टाकून सांगणार काय? त्याला एकट्यालाच दिली होतीत हे खरंच होतं की. त्या सगळ्यांत एकटा तोच खरं बोलत होता. मी "न्हाई" म्हटलं, चहा प्याले आणि स्टँडवर आले. ज्याची बोटं वळली नाहीत त्याच्या भिंतीवर खरी, आणि जिने जन्म काढला तिच्या गळ्यात उदबत्तीने डागलेली. नांदेड येईपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून तुम्हाला शिव्या देत होते. मनातल्या मनात, पण एकही सोडली नाही.

लातूरला आल्यावर चारही गिटारी भिंतीवरून काढल्या. ते चार डाग मला डोळ्यांसमोर नको झाले होते. एमआयडीसीत एक जण मोटारसायकलच्या टाक्या रंगवतो, त्याच्याकडे रिक्षात घालून नेल्या. म्हटलं, हे डाग घासून काढ आणि चारींना नवा लाल रंग मार. त्याने एकदा गिटारींकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाला. ते दिवस मला बरं वाटत होतं. तुमच्या तोंडावरून बोळा फिरवल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

आणायला गेले तेव्हा चारही तारेवर ओळीने टांगलेल्या, लग्नातल्या करवल्यांसारख्या चकाचक. काम झकास केलं होतं पोऱ्याने. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत गेले, मग शेवटपासून पहिल्यापर्यंत. म्हटलं, "ह्यातली माझी कोणती?"

"सगळ्याच तुमच्या की ताई."

"तसं नाही. मी आणली तेव्हा जिला गळ्यात अडकवायचा काळा पट्टा होता ती."

"पट्टे समदे काढून ठिवलेत. खोलल्याशिवाय रंग कसा बसंल? नेक, खुंट्या, प्लेटा, समदं एका टपात टाकलं होतं." माझा चेहरा बघून तो मला समजवायला लागला. "एकच मॉडेल हाय ना ताई. कोणतंबी कशालाबी बसतंय. बघा, कसं टाईट बसलंय."

घरी आणून मी एकेक अँपला लावली. इतकी वर्षं छातीशी धरलेली वस्तू, डोळे मिटूनसुद्धा सापडेल अशी माझी खात्री होती. एकीच्या नेकची, म्हणजे दांड्याची, पाठ अंगठ्याला ओळखीची लागली, पण तिचं अंग कोपराला परकं. दुसरीची कड कोपराला बरोबर लागली, तर तिच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या बोटांना खरखरीत. तिसरीत आवाज माझ्यासारखा वाटला आणि पाच मिनिटांनी तो चौथीतही तसाच वाटला. आता पोरं आली की मी हाताला येईल ती काढते.

हे पत्र मी पाठवणार नाही, कुठे पाठवायचं तेही ठाऊक नाही. काकूंना वाचून दाखवावं असं एकदा मनात आलं होतं, पण त्या पुन्हा कौतुक करतील, आणि ते मला सोसणार नाही. माझा राग गेलेला नाही, तो जायचाही नाही, एवढं तुम्ही धरून चाला. फक्त एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. त्या पेंटरच्या दुकानात मला रडू आलं. तो घाबरून पैसे कमी करायला निघाला. मास्तर, मी बिलोलीच्या त्या खऱ्या गिटारीसाठी रडले नाही. तुम्ही अंगणात बसून, दोन उदबत्त्या जाळून माझ्यासाठी जी खोटी केली होतीत, ती मला परत हवी होती.